नऊ शिखरं, एक दिवस आणि साक्षीदार

परवा बाबांचा फोन आला. आमच्या सोसायटीचा दरवर्षी दिवाळी अंक निघतो. पूर्वी झेरॉक्स काढून वाटायचे, आता पीडीएफ फिरते. बाबा संपादक मंडळात आहेत. म्हणाले, "तू त्या नऊ शिखरांवर लिही. एका दिवसात, एकट्याने केलीस ना! सगळ्यांना सांगून ठेवलंय मी." बाबांनी सांगून ठेवलंय म्हणजे सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जाणाऱ्या समस्त काकामंडळींना ती गोष्ट एव्हाना पाठ झालेली असणार. मी हो म्हटलं. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन लॅपटॉप उघडला आणि पहिल्याच वाक्याला अडकलो.

का अडकलो ते शेवटी सांगतो. आधी इतिहास, कारण तो माझ्या गोष्टीपेक्षा कितीतरी चांगला आहे.

गेलं दीड वर्ष मी प्रोजेक्टसाठी मँचेस्टरला आहे. इथून गाडीने उत्तरेला गेलं की लेक डिस्ट्रिक्ट लागतो. तळी, मेंढ्या, दगडी भिंती आणि डोंगर. इथे डोंगराला 'फेल' म्हणतात. मूळ शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, व्हायकिंग लोकांबरोबर आलेला. मराठी माणसाला तो ऐकून उगाच रिझल्टच्या दिवसाची आठवण होते, पण असो. इंग्लंडमधलं सगळ्यात उंच शिखर इथलंच, स्कॉफेल पाइक, उंची ९७८ मीटर. तुम्ही म्हणाल हे काय, आपलं कळसूबाई १६४६ मीटर आणि तोरणासुद्धा १४०० च्या पुढे! मीही पहिल्यांदा हेच म्हणालो होतो. पण इथे चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते, आणि जूनमध्येसुद्धा धुकं, पाऊस आणि वारा एका तासात हजेरी लावून जातात. त्यामुळे उंचीवरून टिंगल करायची ती पहिल्या ट्रेकच्या आधीच करून घ्यावी.

तर, या डोंगरांत एक जुना नाद आहे. एका दिवसात जास्तीत जास्त शिखरं जोडायची आणि निघालो तिथेच परत यायचं. बक्षीस काही नाही. तिकीट नाही, प्रेक्षक नाहीत. आणि प्रेक्षक नाहीत म्हटल्यावर एक प्रश्न आपोआप येतो: तुम्ही खरंच तिथे गेला होतात हे कोणी पाहिलं?

या प्रश्नाची सुरुवात मी १८०२ पासून करतो. कवी सॅम्युएल टेलर कोलरिज तेव्हा केझिक गावात ग्रेटा हॉल नावाच्या घरात राहत होता. १ ऑगस्टला तो एकटाच बाहेर पडला आणि नऊ दिवस डोंगरांतून भटकला. सामान किती? एक जादा शर्ट, मोजे, रात्रीची टोपी, थोडा चहा, साखर, कागद आणि दौत-लेखणी. काठी हवी म्हणून त्याने घरातल्या झाडूचा दांडा काढून घेतला आणि काड्या स्वयंपाकघरात तशाच टाकून गेला. (बायकोशी त्याचं फारसं पटत नसे. या प्रसंगाने ते सुधारलं असेल असं वाटत नाही.) ५ ऑगस्टला तो स्कॉफेलच्या माथ्यावर होता आणि तिथे बसून चक्क पत्र लिहीत होता. मग वाट न शोधता सरळ खाली उतरायला लागला. कातळाच्या एकाखाली एक पायऱ्या, प्रत्येक पायरी पुरुषभर किंवा त्याहून उंच. हाताने लटकायचं आणि सोडून द्यायचं. दोन-तीन उड्यांनंतर त्याच्या लक्षात आलं की आता परत वर चढता येणार नाही. पाय थरथरायला लागले. तो पाठीवर आडवा झाला, वरचे ढग बघत राहिला आणि स्वतःलाच हसला. पुढे एका अरुंद फटीतून घसरत तो सुखरूप उतरला. त्या जागेला आता ब्रॉड स्टँड म्हणतात आणि तिथे आजही अपघात होतात.

हे आपल्याला कसं माहीत? त्याने सांगितलं म्हणून. सारा हचिन्सनला लिहिलेल्या पत्रात. बरोबर कोणी नव्हतं, वर कोणी नव्हतं, खाली कोणी नव्हतं. तरी दोनशेहून जास्त वर्षं सगळे त्यावर विश्वास ठेवतात. मला वाटतं, याचं कारण तो घाबरल्याचंही लिहितो. नुसती बढाई मारायची असती तर थरथरणारे पाय त्याने गाळले असते.

पुढचा मुक्काम वॉसडेल हेड. स्कॉफेलच्या पायथ्याचं हे छोटंसं खोरं. इथले लोक गमतीने सांगतात की आमच्याकडे इंग्लंडमधला सगळ्यात उंच डोंगर आहे, सगळ्यात खोल तळं आहे, सगळ्यात लहान चर्च आहे आणि सगळ्यात मोठा थापाड्याही आमचाच. हा थापाड्या म्हणजे विल रिट्सन (१८०८ ते १८९०). वॉसडेल हेडला त्याची खानावळ होती. तो पाहुण्यांना गंभीर चेहऱ्याने सांगायचा की आमच्याकडचे सलगम एवढे मोठे होतात की लोक रविवारच्या जेवणासाठी ते खाणीसारखे खणतात आणि आतून पोखरून झाले की त्यात मेंढ्या बांधतात. त्याच्या स्मरणार्थ जवळच्या सँटन ब्रिजच्या खानावळीत दर नोव्हेंबरात जगातला सर्वात मोठा थापाड्या निवडायची स्पर्धा होते. राजकारणी आणि वकील यांना त्यात भाग घ्यायला बंदी आहे. ते व्यावसायिक असल्यामुळे इतरांवर अन्याय होईल म्हणून :-)

गंमत म्हणजे रिट्सनच्या याच काळात, १८६४ साली, केंब्रिजचे रेव्हरंड जे. एम. इलियट यांनी वॉसडेल हेडहून निघून नऊ शिखरांची फेरी पूर्ण केली आणि साडेआठ तासांत परत आले. एका दिवसात शिखरं जोडण्याच्या ज्या नोंदी आहेत त्यांतली ही अगदी सुरुवातीची. घड्याळ खिशात, नोंद तोंडी. थापाड्यांच्या राजधानीत एक पाद्री येऊन सांगतो की मी नऊ शिखरं केली, आणि लोक मान हलवतात. त्यांच्या शब्दावर कोणी शंका घेतल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही. सलगमाची थाप कुठली आणि डोंगरावरचा शब्द कुठला, यातला फरक त्या खोऱ्याला कळत असावा.

हळूहळू खेळाचे नियम पक्के झाले. वेळ २४ तास, सुरुवात आणि शेवट एकाच जागी. १९०५ साली केझिकचे डॉक्टर आर्थर वेकफिल्ड यांनी अशी मोठी फेरी २२ तास ७ मिनिटांत केली. वय २९, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचे. (मी त्या आठवड्यात फार तर लिफ्ट न वापरता चार मजले चढलो होतो.) हा विक्रम पंधरा वर्षं टिकला. १९२० साली तो मोडला मँचेस्टरच्या युस्टेस थॉमस यांनी, २१ तास ५४ मिनिटांत. थॉमस पेशाने इंजिनियर आणि वयाने पन्नाशीतले. पुढे डोंगरात जखमी झालेल्यांना खाली आणण्यासाठी त्यांनी जो स्ट्रेचर तयार केला, तो 'थॉमस स्ट्रेचर' म्हणून ब्रिटनमधली बचाव पथकं कित्येक दशकं वापरत होती. पण मला जास्त आवडलेली गोष्ट वेगळी. थॉमस विक्रमासाठी निघाले तेव्हा त्यांना वाट दाखवायला आणि वेग राखून द्यायला बरोबर कोण होतं? वेकफिल्ड! ज्याचा विक्रम मोडायचाय तोच माणूस मोडणाऱ्याला मदत करतोय. इथे ही पुढे प्रथाच पडली.

वेकफिल्ड मधल्या काळात पहिल्या महायुद्धात डॉक्टर म्हणून जाऊन आले आणि १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होते. १९२४ साली ते इथल्या गिर्यारोहकांच्या क्लबाचे अध्यक्ष होते. युद्धात गेलेल्या सभासदांच्या नावांचा ब्राँझचा फलक क्लबाने ग्रेट गेबल शिखराच्या माथ्यावर बसवला. त्याच्या अनावरणासाठी धुक्यापावसात शेकडो लोक वर चढून गेले. तारीख होती ८ जून १९२४. त्याच दिवशी तिकडे एव्हरेस्टवर जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू आयर्विन शिखराच्या दिशेने जाताना नोएल ओडेलला ढगांच्या फटीतून दिसले. दुपारचे १२.५०. मग ढग मिटले आणि ते दोघं परत कोणाला जिवंत दिसले नाहीत. १९९९ साली मॅलरींचा मृतदेह सापडला, २०२४ साली आयर्विनच्या पायाचा अवशेष बुटासकट सापडला. ते माथ्यावर पोचले होते का, हे मात्र शंभर वर्षांनंतरही माहीत नाही. एकच साक्षीदार होता, त्याला क्षणभर दिसलं, आणि त्याने नेमकं कुठे पाहिलं यावर लोक अजून भांडतात. साक्षीदार नसला की काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण मला सुचत नाही.

आता या गोष्टीचा नायक. बॉब ग्रॅहम, जन्म १८८९, केझिकमध्ये गेस्ट हाऊस चालवणारा माणूस. ना धावपटू, ना नावाजलेला गिर्यारोहक. १३ जून १९३२ रोजी रात्री एक वाजता तो केझिकच्या बाजारातल्या मूट हॉलपासून निघाला आणि १४ जूनला रात्री १२ वाजून ३९ मिनिटांनी तिथेच परत आला. २३ तास ३९ मिनिटं. मधे ४२ शिखरं! ही फेरी साधारण १०६ किलोमीटरची आहे आणि एकूण चढाई सुमारे ८२०० मीटर. म्हणजे दर ३४ मिनिटांना एक शिखर, दिवसभर आणि रात्रभर. पायात टेनिसचे बूट, अंगात पायजम्याचा शर्ट, आणि खायला पाव-लोणी, अंडी, फळं असं सांगतात. बूट झिजू नयेत म्हणून सरावाला तो अनवाणी जायचा असंही सांगतात. (ही शेवटची दोन वाक्यं ऐकीव आहेत, पण इथल्या कुठल्याही पबमध्ये छातीठोकपणे ऐकायला मिळतात.)

ग्रॅहम एकटा नव्हता. मार्टिन रायलंड्स, फिल डेव्हिडसन, बिल ह्युइटसन आणि रॉबिन डीन्स हे त्याचे मित्र आळीपाळीने बरोबर होते. तरीही पुढे काय झालं बघा. त्याच्यानंतर किती जणांनी प्रयत्न केले, कोणालाच जमेना. वर्षं गेली, दशकं गेली, आणि मग शंका सुरू झाल्या. एका गेस्ट हाऊसवाल्याने? ४२? एका दिवसात? आपल्याला जमत नाही ते दुसऱ्याने केलंच नसेल, हा निष्कर्ष माणसाला फार सोयीचा असतो. आमच्या ऑफिसात तो आठवड्यातून एकदा तरी निघतो.

१९६० साली हॅरी ग्रिफिन या पत्रकाराने वर्तमानपत्रात या जुन्या विक्रमावर लिहून लोकांना डिवचलं. लँकेशायरमधल्या क्लेटन-ल-मूर्स या क्लबाच्या अ‍ॅलन हीटनने ते मनावर घेतलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये ४२ शिखरं २२ तास १८ मिनिटांत केली. विक्रम मोडला, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट झाली: ग्रॅहम खोटा नव्हता हे सिद्ध झालं. २८ वर्षांनी! ग्रॅहम तेव्हा हयात होता, १९६६ साली गेला. आपल्या शब्दाची खातरजमा व्हायला २८ वर्षं वाट बघायची म्हणजे काय असेल, याचा मी हल्ली बराच विचार करतो.

१९७१ साली फ्रेड रॉजरसन यांच्या पुढाकाराने 'बॉब ग्रॅहम ट्वेंटी-फोर अवर क्लब' स्थापन झाला. सभासद व्हायची अट एकच, २४ तासांत ही फेरी पूर्ण करायची. आजवर अडीच हजारांहून जास्त लोकांनी ती केली आहे. १९७७ साली जीन डॉज ही पहिली महिला सभासद झाली, २३ तास ३७ मिनिटांत. १९८२ साली बॉरोडेलच्या गवंडी बिली ब्लँडने १३ तास ५३ मिनिटं नोंदवली आणि ती ३६ वर्षं कोणाला मोडता आली नाही. २०१८ साली स्पेनच्या किलियन जॉर्नेने १२ तास ५२ मिनिटांत ती मोडली, तेव्हा मूट हॉलच्या पायऱ्यांपाशी त्याचं स्वागत करायला सत्तरी गाठलेला बिली ब्लँड स्वतः हजर होता. २०२२ साली जॅक कुएन्झली या अमेरिकन धावपटूने १२ तास २३ मिनिटं केली. आणि शिखरांची संख्या वाढवत नेणाऱ्यांत वॉसडेलचा मेंढपाळ जॉस नेलर, ज्याने १९७५ साली २४ तासांच्या आत ७२ शिखरं केली. तो २०२४ च्या जूनमध्ये ८८ व्या वर्षी गेला. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी त्याच्या नावाची एक वेगळी फेरी आहे. ती पूर्ण करून लोक ग्रीनडेलच्या पुलावर पोचायचे तेव्हा कित्येकदा म्हातारा हात मिळवायला स्वतः उभा असायचा.

आता त्या क्लबाचा एक नियम. प्रत्येक शिखरावर तुमच्याबरोबर कोणीतरी असलं पाहिजे. ४२ पैकी ४२ वर. एकट्याने केलीत तर मनापासून शाबासकी, पण सभासदत्व नाही.

हा नियम मला आमच्या क्लायंटकडच्या एका सहकाऱ्याने सांगितला. साठीला आलेला, कमी बोलणारा माणूस. तो स्वतः सभासद आहे आणि गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांना साथ द्यायला जातो. मी लगेच माझं इंजिनियरचं डोकं चालवलं. म्हटलं, हा तर ऑडिट ट्रेल झाला! तुमचा लोकांवर विश्वास नाही म्हणून प्रत्येक स्टेपला दुसऱ्याची सही. आता जीपीएस आहे, घड्याळ आहे, माणूस कशाला हवा?

तो हसला. म्हणाला, "मी बरोबर जातो तेव्हा त्याचं पाणी मी उचलतो, जेवण मी उचलतो, धुक्यात वाट मी शोधतो. बोटं गारठली की बुटाची नाडीही मीच बांधतो. मग पेन्सिलने वेळ लिहितो. वेळ लिहिणं हे सगळ्यात छोटं काम." आणि मग एक वाक्य म्हणाला. तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. "स्टीपलचा फाटा येतो ना, तिथे कोणालाच स्टीपलला जायचं नसतं."

स्टीपलबद्दल थोडं सांगायला हवं. बॉब ग्रॅहम फेरीचे पाच टप्पे आहेत. चौथा टप्पा वॉसडेलहून सुरू होतो आणि त्यात नऊ शिखरं आहेत. त्यांतलं स्टीपल, ८१९ मीटर, हे मुख्य धारेवर नाही. स्कोट फेलवरून उत्तरेला एक अरुंद सोंड निघते, तिच्या टोकाला ते आहे. म्हणजे मुख्य वाट सोडायची, थोडं उतरायचं, परत चढायचं, माथ्याला हात लावायचा आणि आल्या वाटेने परत यायचं. फार तर वीस-पंचवीस मिनिटांचं काम. पण तिथवर पोचेपर्यंत पायांत साठ-सत्तर किलोमीटर गेलेले असतात.

मी बॉब ग्रॅहम फेरी करणार नव्हतो, तेवढी अक्कल आहे. पण इलियटसाहेबांची गोष्ट डोक्यात बसली होती. त्यावरून मी वॉसडेल हेडच्या भोवतीने नऊ शिखरांची यादी केली: स्कॉफेल, स्कॉफेल पाइक, ग्रेट एंड, ग्रेट गेबल, कर्क फेल, पिलर, स्टीपल, रेड पाइक, यूबॅरो. एका दिवसात, एकट्याने.

जूनमधला शनिवार. पहाटे साडेचारला तंबूतून निघालो. स्कॉफेलवर पावणेसातला पोचलो, वर मी आणि एक मेंढी. कोलरिजचा ब्रॉड स्टँड वरूनच पाहिला, मनातल्या मनात नमस्कार केला आणि वळसा घालून घळीतून उतरलो. स्कॉफेल पाइकवर सकाळी आठलाच गर्दी, ग्रेट एंडवर पुन्हा शुकशुकाट. ग्रेट गेबलचा चढ म्हणजे नुसता घसारा, दोन पावलं वर आणि एक खाली. पावणेबारा वाजता त्या ब्राँझच्या फलकाजवळ बसून मेथीचा ठेपला खाल्ला. इथवर मी सिंहगड चढून पिठलं-भाकरी खाणाऱ्या माणसाइतका खूश होतो. कर्क फेलवर घड्याळाची बॅटरी संपली. पिलरवर पोचेपर्यंत सव्वाचार झाले, डावा गुडघा बोलायला लागला आणि धुकं आलं.

पावणेसहाला स्कोट फेलवर होतो. तिथे धारेवरून एक दगडी भिंत जाते. तिच्या आडोशाला बसलो, उरलेली चिक्की खाल्ली. उजवीकडे धुक्यात ती सोंड होती. दहा-बारा पावलांपुढे काही दिसत नव्हतं. वाट चुकण्यासारखी नव्हती, मी नकाशा पाठ केला होता. खरं सांगायचं तर धोका फारसा नव्हता. मला फक्त जायचं नव्हतं. आणि माझ्या मनात जे वाक्य आलं ते जसंच्या तसं आठवतंय: कोणाला कळणार आहे?

मी उठलो आणि रेड पाइकच्या दिशेने चालायला लागलो. रेड पाइक केलं. यूबॅरो मात्र, का कोण जाणे, दुखऱ्या गुडघ्याने कातळावर हात टेकत टेकत अगदी इमानाने केलं. सव्वानऊला तंबूपाशी होतो. पावणेसतरा तास, इलियटसाहेबांच्या जवळजवळ दुप्पट.

दुसऱ्या दिवशी रेंज आल्यावर घरी फोन केला. बाबांनी विचारलं, "नऊही झाली?" मी म्हटलं, "हो."

एक अक्षर. ठरवून बोललो नव्हतो, तोंडातून गेलं. संध्याकाळपर्यंत ते फॅमिली ग्रुपवर होतं, आत्यापासून मामेभावापर्यंत सगळ्यांचे अंगठे आले. सोमवारी ऑफिसात त्या सहकाऱ्याने सहज विचारलं, "स्टीपलवर वारा होता का?" मी म्हटलं, "बराच." त्याने मान हलवली आणि कामाला लागला. त्याला कळलं का, मला माहीत नाही. पण त्याचं ते वाक्य मला त्या क्षणी कळलं.

साक्षीदार चोरी पकडायला नसतो. चोरी करायची वेळ येऊ नये म्हणून असतो. तो सहकारी त्या भिंतीपाशी माझ्या शेजारी असता तर त्याने माझी उलटतपासणी घेतली नसती. तो फक्त म्हणाला असता, "चल." आणि मी गेलो असतो. वेकफिल्ड थॉमसबरोबर गेले, ग्रॅहमचे चार मित्र आळीपाळीने धावले, ते सगळे विक्रमाचे पुरावे होतेच, पण त्याआधी ते विक्रम होण्याचं कारण होते. इतकी वर्षं मला वाटायचं की एकट्याने केलेली गोष्ट जास्त शुद्ध. आता वाटतं, एकट्याने जाणाऱ्याला दोन माणसांचं काम करावं लागतं. चालायचंही आणि साक्षही द्यायची. कोलरिजने दोन्ही केलं, थरथरत्या पायांसकट. मी फक्त चाललो.

घड्याळ चालू असतं तर मी गेलो असतो का? बहुतेक हो, आणि हे काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही. शिवाय घड्याळातून निघणारी ती जीपीएक्स फाईल म्हणजे शेवटी एक्सएमएल. साधा मजकूर. मला बसल्या जागी वीस मिनिटांत नवव्या शिखराची फाईल बनवता येईल, उंची आणि वेळेसकट. लॉग आहे म्हणजे घटना घडली, असं आमच्या धंद्यातला कोणताही माणूस छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

हा लेख वर टाकायच्या आधी काल बाबांना फोन केला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे "जाऊ दे रे, आठ काय नि नऊ काय" म्हणतील. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे एक राहिलंय." मी म्हटलं, "हो, राहिलंय." "मग अंकात आठच लिही. मी काकांना सांगतो."

ऑफिसातल्या सहकाऱ्यालाही आज सकाळी मेसेज केला. त्याचं उत्तर दोन ओळींचं आहे. येत्या जूनमध्ये तो एकाला साथ द्यायला चौथ्या टप्प्यावर जाणार आहे, पाणी उचलायला आणखी एक माणूस हवाय. वॉसडेलला पहाटे पोचायचं आहे.

मी हो म्हटलंय. यावेळी पेन्सिल माझ्या हातात असणार आहे.